ढाणकीला अर्धा पाहिलेला पिच्चर

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी नवऱ्याने लॅपटॉपवर एक जुना इंग्रजी चित्रपट लावला. तो यवतमाळच्या एका कॉलेजात शिकवतो. तिथल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की मनाचे खेळ दाखवणारा थरारपट बघायचा तर हाच बघ, जुना आहे पण याच्या पुढे अजून कुणी गेलेलं नाही. मी बाजूला बसून गवारीच्या शेंगा मोडत होते. काळंपांढरं चित्र सुरू झालं. गावाबाहेर एक मोठं घर, त्यात घड्याळं दुरुस्त करणारा एकटा माणूस, भिंतभर टिकटिक. माझे हात थांबले.

"हा मी पाहिलाय," मी म्हटलं. "अर्धा."

"कुठे?"

"ढाणकीला. आत्याच्या घरी."

त्याला हसू आलं. आत्या पिठाची चक्की चालवते हे त्याला माहीत आहे. असल्या पिच्चरचं आणि चक्कीचं नातं त्याला जुळेना. मी शेंगांची परडी बाजूला सारली आणि शेवटपर्यंत बघत बसले.

गोष्ट साधी आहे. घड्याळवाला गावातल्या एका संगीतशिक्षिकेकडे कित्येक वर्षं लांबून बघत असतो. तिला काय आवडतं ते सगळं त्याला पाठ असतं. मग तो तिला उचलून आणतो आणि घराच्या वरच्या मजल्यावर तिच्यासाठीच सजवलेल्या खोलीत ठेवतो. तिथे तिच्या आवडीची पुस्तकं असतात, तिच्या मापाचे कपडे असतात, फुलंसुद्धा असतात. पडद्यामागच्या खिडकीत मात्र विटा असतात. तो तिला बोट लावत नाही. आत येण्याआधी दार वाजवतो.

आम्ही पाहिलेली फाइल मध्येच बंद पडली होती, म्हणून आत्याने आणि मी आपापला शेवट ठरवून टाकला होता. आत्या म्हणायची, तो तिला सोडून देतो. मी म्हणायचे, ती पळून जाते. दोन्ही चूक निघालं. तो माणूस एके दिवशी जिन्यावरच छातीत कळ येऊन मरतो. किल्ली त्याच्या खिशात. वरच्या खोलीत कुणी आहे, हे जगात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. दारावर आतून थापा पडू लागतात, आधी सभ्य, नंतर सभ्य नसलेल्या, आणि पिच्चर संपतो.

संध्याकाळी मी आत्याला फोन करून सांगितलं.

"म्हंजे सोडलं नाई त्यानं," ती म्हणाली.

"नाही."

"मले वाटे, सोडन." मग तिने आमच्याकडे पाऊस किती झाला ते विचारलं.

हा पिच्चर माझ्या वाट्याला कसा आला, ते सांगायचं तर घाटंजीपासून सुरुवात करावी लागेल.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. बाबांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. ते जुनी तार काढून नवी भरायचे आणि घरी आले की त्यांच्या हातांना वार्निशचा वास असायचा. आमच्या वस्तीतून विज्ञान शाखेला गेलेल्या मुली मोजक्याच होत्या आणि मी त्यातली एक, याचा बाबांना फार अभिमान होता. विहारात कार्यक्रम असला की ओळख करून देताना ते माझ्या नावाआधी माझं वर्ष सांगत.

मी सायकलने कॉलेजला जायचे. कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान होतं आणि तिथे एक मुलगा उभा असायचा. माझ्या एक वर्ष पुढे, एका कापड दुकानदाराचा धाकटा. तो शिट्टी मारायचा नाही, वाट अडवायचा नाही. नुसता उभा असायचा. माझा नंबर त्याने रिचार्जच्या दुकानातून मिळवला असणार, कारण तेव्हा मुलींचे नंबर तिथूनच फुटायचे. मग मेसेज येऊ लागले. पिवळा ड्रेस छान दिसतो. आज सायकलची चेन पडली तेव्हा मी धावत येणार होतो, पण तुला आवडलं नसतं. आणि एकदा, तुला सर्दी झाली आहे, केस ओले ठेवून बाहेर पडू नकोस.

हा शेवटचा मी पुन्हा पुन्हा वाचला. मी दिवसभरात दोनतीनदा शिंकले असेन, तेही प्रयोगशाळेत. मी नंबर ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला. सायकलच्या कॅरिअरला कधी चॉकलेट बांधलेलं असायचं, कधी माझ्या नावाचं पहिलं अक्षर असलेली किचेन. मी ते तिथेच रस्त्यावर टाकून द्यायचे. दुसऱ्या दिवशी ते रस्त्यावर नसायचं. मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, त्रास तर काही देत नाही ना, नुसतं प्रेम करतो बिचारा. खरंच, तो नेमकं काय वाईट करतो, ते मला कुणाला सांगता येत नव्हतं. हळूहळू मी पिवळा ड्रेस घालणं सोडलं. मग केस घट्ट बांधू लागले. मग झेरॉक्सच्या दुकानासमोरून जावं लागू नये म्हणून मागच्या बाजूने, काट्याकुट्यातून सायकल हातात धरून जाऊ लागले.

घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर काय होईल ते मला माहीत होतं. ते न सांगताही झालं. तो एके दिवशी स्वतःच बाबांच्या दुकानात गेला. वाकून पाया पडला. म्हणाला, काका, माझं तिच्यावर मन आहे, मी तिला कशाचीच कमी पडू देणार नाही. बाबांच्या हातात तांब्याच्या तारेचं बंडल होतं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि त्याला म्हणाले, घरी जा बाबू.

तो दुसऱ्या समाजाचा होता. बोभाटा झाला तर गोष्ट दोन घरांत राहणार नाही, दोन वस्त्यांत जाईल, ही बाबांची भीती होती. ती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. ते घरी आले, हातपाय धुतले, जेवले आणि आईला माझी बॅग भरायला सांगितली. माझ्यावर एक शब्द चढवून बोलले नाहीत. मोबाइल तेवढा मागितला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आर्णी, महागाव, उमरखेड असं करत आम्ही बसने ढाणकीला आत्याकडे पोचलो. थोडे दिवस, असं ते म्हणाले.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांची चक्की तिने एकटीने चालवली होती. पुढे चक्की, मागे दोन खोल्या, त्यामागे उंच भिंतीचं छोटं आंगण. चक्कीचा पट्टा सुरू झाला की घराच्या भिंती थरथरायच्या आणि बोललेलं ऐकू यायचं नाही. आत्याच्या भुवयांवर कायम पिठाची साय असायची. तिने मला जवळ घेतलं तेव्हा माझ्या ओढणीलाही पीठ लागलं.

तिने माझ्यासाठी मागची खोली रिकामी केली होती. नवी चादर घातली होती. कूलर होता, टेबल होतं. मला आवडतो म्हणून तिने आंबाडीचा ठेचाही करून ठेवला होता. आणि चक्कीत जाताना ती मधल्या दाराला पलीकडून कुलूप लावायची.

पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा ती जरा ओशाळली. "तुयासाठी नाई बाई," ती म्हणाली. "दळणाले कोणीबी येते. मी मशिनीपाशी रायते. मांगं पोट्टी एकटी हाय म्हनलं का मले धाक वाटते."

मला ते पटलंसुद्धा. आंगणाच्या दारालाही बाहेरून कडी असायची. तेही पटलं. बाबा रविवारी येत आणि हात भरून आणत. पेरू, सोनपापडी, माझी अभ्यासाची पुस्तकं, एकदा नवा पंजाबी ड्रेस. समोर बसून विचारत, अजून काय पाहिजे. मी म्हणायचे, काही नको. मग ते आत्याशी पाण्यापावसाचं बोलत आणि दुपारच्या गाडीने परत जात. मोबाइलचं नाव कुणी काढत नव्हतं. कॉलेजचंही नाही.

मी अभ्यास करायचा प्रयत्न केला. पहिले काही दिवस जमला. मग एकच पान दिवसभर उघडं राहू लागलं. मी दुपारी झोपू लागले, उठले की पुन्हा झोपू लागले. जेवण नको वाटायचं. मला इथे कुणी रागावत नव्हतं आणि तो मुलगाही इथे नव्हता, तरी माझ्या छातीवर काहीतरी बसल्यासारखं वाटायचं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आत्या ताटातलं उरलेलं अन्न बघायची आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. एकदा तिने माझ्यासमोर बसून विचारलं, "कशाची कमी हाय इथं तुले? सांग तं खरी. जे मांगशीन थे आणतो."

मी म्हटलं, कशाचीच नाही. ते खरंच होतं.

आत्याला पिच्चरचं भारी वेड. कामाचा लोड कमी असला की ती मोबाइलच्या दुकानातून पेन ड्राइव्हमध्ये पिच्चर भरून आणायची. हिंदीत डब केलेले, मारामारीचे, भुताचे, मिळतील ते. फाइलला नाव नसायचं, नुसते आकडे. तिला रहस्याचे जास्त आवडायचे. खुनी कोण ते ती अर्ध्यातच सांगून टाकायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची.

त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. तिने मला उठवून बसवलं, फुटाण्यांची वाटी हातात दिली आणि टीव्ही लावला. काळापांढरा पिच्चर बघून तिने तोंड वाकडं केलं, पण तेवढ्यात घड्याळवाला दिसला आणि ती सरसावून बसली.

सुरुवातीला तिला तो माणूस आवडला. तो त्या बाईसाठी पडदे शिवत होता, तिच्या पायाचं माप आठवून चपला आणत होता, तेव्हा आत्या म्हणाली, "बिचारा. किती करते तिच्यासाठी." खिडकीतल्या विटा दिसल्या तेव्हा ती फुटाणे चावायची थांबली. पण तरीही म्हणाली, मारत तर नाही ना तिला.

पुढे ती बाई जेवण सोडते. ओरडत नाही, भांडत नाही, नुसती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते. तो ताट घेऊन येतो, तसंच घेऊन जातो. मग दाराबाहेर पायरीवर बसून रडतो. अगदी खरं रडतो. आणि दाराशी तोंड नेऊन विचारतो, की मी तुला काय कमी केलं, तू मागशील ते आणून देतो.

हे पडद्यावर हिंदीत आलं तेव्हा मी आत्याकडे बघितलं नाही. मला बघवलं नाही. पण ती माझ्याकडे बघत होती हे मला कळत होतं. टीव्हीचा उजेड तिच्या पिठाळलेल्या हातांवर पडला होता आणि ते हात तसेच मांडीवर पडून होते. तो माणूस रडत राहिला. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून इतकी भीती वाटली, की हातातली वाटी कलंडली. तेव्हा कळलं, गेले कितीतरी दिवस मला काय होत होतं. मी ज्यांच्यावर चिडायला हवं होतं त्यांची मला दया येत होती. झेरॉक्सच्या दुकानासमोर उभा राहणाऱ्याचीसुद्धा थोडी येत होती. सगळे माझ्यासाठी इतकं करत होते, की मला काही मागायला तोंडच उरलं नव्हतं.

तेवढ्यात चित्र अडकलं. त्या माणसाचं तोंड उघडंच राहिलं, खालची रेघ पुढे सरकेना. आत्याने पेन ड्राइव्ह काढून पुन्हा लावून पाहिला. तिथेच अडकायचा.

बाहेर एका बाईने आवाज दिला, ज्वारीचा डबा घेऊन आली होती. आत्या उठली, चक्कीत गेली आणि सवयीने कुलूप लागल्याचा आवाज आला. पण पट्टा सुरू झाला नाही. थोड्या वेळाने पुन्हा कुलूप वाजलं. दार उघडून ती उंबऱ्यावर उभी राहिली. त्या बाईला तिने डबा ठेवून जायला सांगितलं होतं.

"तुले कुठी जायाचं हाय?" तिने विचारलं.

मी विचार केला. खरंच केला. "कुठंच नाही."

"मंग जाऊन ये," आत्या म्हणाली.

मी चपला घातल्या. त्या पायाला अनोळखी लागत होत्या. चक्कीतून बाहेर पडले तर ऊन इतकं अंगावर आलं, की क्षणभर तिथेच उभी राहिले. आठवडी बाजार नव्हता, तरी रस्त्यावर माणसं होती. बियाण्याची दुकानं, हळदीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो, एका हॉटेलात कढईत पडणारे भजे. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. पण मागून मोटारसायकल आली की माझी मान आपोआप खाली जायची. इथे मला ओळखणारं कुणी नाही, तो इतक्या लांब येणार नाही, हे डोक्याला कळत होतं, पाठीला कळत नव्हतं. मी बस स्टँडपर्यंत गेले. उमरखेडची गाडी लागली होती. त्यात बसावं असं मनात आलं नाही. मी नुसतं बघितलं, की गाडी आहे आणि तिच्यात लोक चढतात. मग एका हातगाडीवरून बोरं घेतली आणि परत आले.

आत्याने कुठे गेली होतीस ते विचारलं नाही. बोरं धुऊन घेतली, एक तोंडात टाकलं आणि पट्टा सुरू केला. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

रविवारी बाबा आले. आत्याने त्यांना चक्कीतच बसवलं आणि मशीन बंद ठेवली. मधलं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. आत्या म्हणाली, तिला मी आता ठेवून घेणार नाही. तू तिला घेऊन जा आणि कॉलेजात घाल. बाबा म्हणाले, तो पोट्टा अजून तिथेच आहे, रोज दुकानावरून चक्कर मारतो, मी काय करू.

"मंग त्याले ठेव कोंडून," आत्या म्हणाली.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "मी कोंडलं नाही ताई तिला. सांभाळून ठेवलं."

"सांभाळूनच ठेवलं. म्याबी सांभाळलं." आत्या म्हणाली. "पोट्टी दिसामाजी वाळून राह्यली, तुले दिसलं नाई, मले दिसलं नाई. एवढा पेरू आनतं तू, कोन खाते थे तरी इचारलं?"

पेरू आत्याच खात होती. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

तिने चक्कीला कुलूप लावलं, जे ती सणालाही लावत नसे, आणि आमच्याबरोबर घाटंजीला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्या मुलाच्या घरी गेलो. जाऊ नये असं आईला वाटत होतं, बाबांनाही वाटत होतं. आत्या म्हणाली, भांडायला नाही, बोलायला चाललो.

त्याचे वडील दुकानात गेले होते. आईने दार उघडलं. आम्ही कोण हे तिला सांगावं लागलं नाही. तिने बसवलं, पाणी दिलं आणि मुलाला हाक मारली. तो आला आणि मला बघून त्याचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला अजून आठवतो. मी माझ्या पायाने त्याच्या घरी आले, एवढंच त्याला दिसत होतं.

आत्याने त्याला विचारलं, तुला हिच्याकडून काय पाहिजे. तो म्हणाला, काहीच नाही, मला फक्त ती दिसली पाहिजे. तो हे अगदी साधेपणाने बोलला. तेव्हा त्याची आई उठली, आतल्या खोलीत गेली आणि बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. तिने तो टीपॉयवर ठेवून झाकण काढलं. मुलगा उठायला लागला तर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला हे किती दिवसांपासून कुणाला तरी दाखवायचं होतं, पण कुणाला दाखवू, असं ती म्हणाली.

डब्यात मी होते. मी टाकून दिलेली किचेन होती. माझ्या हरवलेल्या पेनाचं टोपण होतं. ग्रुप फोटोतून कापलेला माझा चेहरा होता, प्रयोगशाळेत मी खोडून फेकलेला कागद होता. आणि त्यांच्यामध्ये पुष्कळ असं होतं, जे माझं नव्हतं. केसांना लावायचं एक निळं क्लचर, तसं मी आयुष्यात कधी वापरलं नाही. एका चपलेचा तुटलेला अंगठा. एक झुमका. मला झुमके घालायला तेव्हा घरून परवानगीच नव्हती.

मी ते निळं क्लचर उचललं. "हे माझं नाही," मी त्याला म्हटलं. "यातलं अर्धं माझं नाहीच."

"तुझंच आहे," तो म्हणाला.

"माझे केस आहेत, मला माहीत असेल ना."

"दिवाळीच्या आधी लावलं होतंस तू." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी खोटं बोलते आहे म्हणून त्याला वाईट वाटत होतं. "तू विसरलीस."

तिथे माझी भीती गेली. सगळी नाही, पण तिचं मूळ सुटलं. मला इतके महिने वाटत होतं, की माझ्यात काहीतरी आहे ज्यामुळे हा असा वागतो. माझ्या ड्रेसमध्ये, केसांत, चालण्यात. त्या डब्यातली मुलगी मात्र निळं क्लचर लावत होती, झुमके घालत होती. ती त्याने तयार केली होती आणि तिच्याबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. माझी त्याला गरजही नव्हती.

आत्याने झाकण लावून डबा त्याच्या आईच्या हातात दिला. "याले डाक्टरले दाखवा बाई," ती म्हणाली. "आन तोवर हिच्या वाटेले येऊ नका देऊ." त्या माउलीने मान हलवली. आम्ही निघालो तेव्हा तो खुर्चीत बसून रडत होता आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्याला अमरावतीला मामाकडे पाठवलं, असं पुढे कळलं. आत्या मला घेऊन प्राचार्यांना भेटली. त्यांनी ऐकून घेतलं, झेरॉक्सवाल्यालाही बोलावून समज दिली. माझं एक सेमिस्टर बुडालं होतं, ते पुढच्या वर्षी भरून काढलं. सगळं एकदम पूर्वीसारखं झालं असं नाही. बाबा कितीतरी दिवस मोटारसायकलवर माझ्या सायकलच्या मागे मागे येत, मला दिसणार नाही असं अंतर ठेवून. मला दिसायचंच. एकदा मी सायकल थांबवून वळले आणि त्यांना म्हटलं, बाबा, मागून येऊ नका, मला मागून कुणी आलेलं चालत नाही. ते गाडीवर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत राहिले. मग गाडी वळवून दुकानाकडे गेले. त्यानंतर ते आले नाहीत.

शिक्षण झाल्यावर मी पॅथॉलॉजीचा डिप्लोमा केला. आता यवतमाळला एका लॅबमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी एक माणूस मुलीचा रक्ताचा रिपोर्ट घ्यायला खिडकीशी आला. मी नाव वाचलं, वर बघितलं, तर तोच. केस विरळ झाले होते, कडेवर मुलगी होती. मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला. त्याने हिमोग्लोबिन कमी आहे का ते विचारलं. मी म्हटलं, थोडं आहे, डॉक्टर सांगतील. "थँक यू मॅडम," असं म्हणून तो मुलीला कागद दाखवत निघून गेला. त्याने ओळखलं असेल आणि दाखवलं नसेल, असंही असू शकतं. पण मला वाटतं त्याने ओळखलं नाही. दिवसभर मला हलकं वाटलं. थोडा रागही आला, तो कशाचा ते मला अजून नीट सांगता येत नाही.

बाबांनी मागच्या वर्षी दुकान बंद केलं. डोळ्यांना बारीक तार दिसत नाही. उन्हाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले होते. एका सकाळी गॅलरीत चहा पीत असताना त्यांनी आपणहून ढाणकीचा विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू एकदाही रडली नाहीस," ते म्हणाले. "रडली असतीस तर मले समजलं असतं. मले वाटे, पोरगी शांत हाय, म्हणजे खुशीत हाय."

मी म्हटलं, "तुम्ही इतक्या लांबून यायचे. तुमच्यासमोर कशी रडू?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, तू तिथे बाहेर पडलीस त्या दिवशी कुठे गेली होतीस. आत्याने जे कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. मी त्यांना बस स्टँडचं सांगितलं, उमरखेडच्या गाडीचं सांगितलं.

"बसली काहून नाहीस गाडीत?"

"बसावं वाटलं नाही. गाडी आहे, एवढंच बघायचं होतं."

बाबा खाली रस्त्याकडे बघत होते. शाळेच्या मुली सायकलवरून चालल्या होत्या, रस्ताभर पसरून, मागच्या गाडीवाल्याला वाट न देता. गाडीवाला हॉर्न वाजवत होता आणि त्या हसत होत्या. बाबाही हसले. मग चहा गार झाला म्हणून त्यांनी कप माझ्याकडे सरकवला आणि मी तो गरम करायला आत गेले.